दिव्याची बटणं

सावळीराम भित्रा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला भलतंच समजाल. विंचूरचा कांदा ट्रकमध्ये भरून कसारा घाटातून मुंबईला नेणारा गडी तो. एकदा उतारावर ब्रेक गेला, तेव्हा ट्रक डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवला, खाली उतरला आणि आधी विडी पेटवली. क्लीनर रडत होता, याचा हातही कापला नाही.

एकाहत्तर साली त्याला नाशिकच्या एका ट्रस्टच्या फिरत्या दवाखान्यावर नोकरी लागली. वडाळा नाक्याजवळच्या वसाहतीत त्याच्या बायकोनं, चांगुणानं, सगळ्या आळीला पेढे वाटले. महिन्याच्या महिन्याला पगार, खाकी कपडे, आणि मुख्य म्हणजे रोज रात्री नवरा घरात. ट्रकवाल्याच्या बायकोला आणखी काय पाहिजे हो?

जीप पांढरी, डिझेलवरची, मागं दोन्ही बाजूंना लांब बाकं. डॅशबोर्डवर सावळीरामनं बुद्धाची बोटभर मूर्ती चिकटवली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी गिरणाऱ्यावरून वाघेऱ्याचा घाट ओलांडून हरसूलला जायचं. बरोबर श्यामला सिस्टर, निवृत्ती कंपाउंडर आणि रजेवर नसले तर डॉक्टर. बाजाराला आलेली माणसं औषधाला रांग लावायची. परतताना एखादी अडलेली बाई, एखादा तापानं फणफणलेला म्हातारा मागच्या बाकावर घ्यायचा आणि नाशिकच्या सिव्हिलला पोचवायचा, हा रिवाजच पडून गेला होता. सावळीराम डायवर आहे म्हटल्यावर त्या खेड्यांतली माणसं बिनघोर गाडीत चढायची.

मग ब्याऐंशीचा पावसाळा आला. एका संध्याकाळी घरात जेवताना त्यानं तांब्याला हात घातला आणि तांब्या लवंडला. चांगुणा हसली, "काय हे, समोरचा तांब्या दिसेना व्हय?" सावळीराम हसला नाही. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण त्याच्या आईचं अस्संच झालं होतं. दिवेलागण झाली की ती माउली चुलीपुढून हलायची नाही. हललीच तर भिंतीला हात लावत लावत ओट्यावर यायची. पुढं पुढं तर तिला दिवसाही दिसेना झालं, आणि मरेपर्यंत तिचं ताट दुसऱ्या कुणाला तरी वाढून हातात द्यावं लागलं.

दिवसा त्याला लख्ख दिसायचं. पण सूर्य बुडाला की सगळं काळं. हेडलाइटच्या झोतात येईल तेवढा रस्ता आपला, बाकी कठडा, दरी, बाजूनं चालणारी माणसं, सगळं गडप. सांगायचं कुणाला? ट्रस्टच्या ऑफिसात चिंतामणराव होते, माणूस भला, पण त्यांच्या कानावर गेलं की त्याच दिवशी किल्ली जमा. चांगुणाला सांगावं, तर तिनं किल्ली पिठाच्या डब्यात लपवली असती. आणि ड्रायव्हर म्हणून जन्म घालवलेल्या माणसाला गाडीवरून खाली उतरवलं, तर त्यानं करायचं काय? वॉचमन व्हायचं? रात्रीचा? म्हणून गडी गप्प राहिला. भीती मात्र पोटात घर करून बसली. उन्हं कलली की त्याचे तळहात ओले व्हायचे.

पण डोकं तल्लख, लेकाचं! त्यानं एक खेळ काढला. एक दिवस परतताना निवृत्ती शेजारी पेंगत होता, तर सावळीराम म्हणाला, "निवृत्तीभाऊ, ड्रायव्हरजवळ झोपायचं नसतं, मलाही पेंग येते. असं करू, वाटेत पुढं काय येतंय ते जो आधी ओरडेल तो जिंकला. हरेल त्यानं गिरणाऱ्याला चहा पाजायचा." झालं! श्यामला सिस्टर एरवी करड्या शिस्तीची बाई, पन्नाशीला टेकलेली, पण या खेळात ती शाळकरी पोरगी होऊन जायची. "बैलगाडी! डाव्या हाताला!" "कठडा आला, कठडा, उजवीकडं वळण!" "अहो म्हैस! म्हैस बसलीय रस्त्यात!" आणि सावळीराम त्या आरडाओरड्यावर स्टेअरिंग फिरवायचा. त्यांच्या डोळ्यांनी गाडी चालवायचा म्हणा ना. चहा दर वेळी त्याच्याच अंगावर पडायचा. "सावळीरामदादा, तुम्हाला कसं हो कधीच आधी काही दिसत नाही?" असं सिस्टर हसत म्हणाली, की तोही खो खो हसायचा, आणि चहाचे पैसे द्यायला उठायचा.

खेळानं रस्ता भागला, पण डॅशबोर्डचं काय? जीपच्या डॅशबोर्डवर सगळ्या काळ्या घुंड्या, एकसारख्या, ओढायच्या. एक दिव्याची, एक वायपरची, एक इंजिन बंद करायची. बारा वर्षं हात आपोआप जायचा. पण भीती बसली की हातसुद्धा चुकायला लागतो. एकदा घाटात चढावर अंधारून आलं, दिवा लावायला म्हणून त्यानं घुंडी ओढली आणि इंजिनच बंद पडलं. जीप मागं सरकायला लागली. मागं दरी. त्यानं हँडब्रेक खेचला, तसा सगळ्यांना एक हिसका बसला. "डिझेलमध्ये हवा धरली," तो म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. बारा वर्षांचं इमान होतं ना माणसाचं. का नाही विश्वास ठेवणार?

दुसऱ्या दिवशी तो नाशिकच्या द्वारका चौकाजवळ भिकनच्या दुकानात गेला. भिकन मालेगावचा, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, दुकान कसलं, पत्र्याची टपरी. पण त्याच्याकडं मुंबईच्या भंगार बाजारातून आणलेली बटणं होती, कुठल्याशा परदेशी गाडीची. दाबलं की बटणाच्या पोटात दिवा लागायचा. लाल, हिरवा, पिवळा. सावळीराम ती बटणं हातात घेऊन दाबतच बसला. त्याला वाटलं, सुटलो! आता अंधारात हात चुकायचा नाही. "जुनं वायरिंग सडलंय, एक दिवस गाडी पेट घेईल," असं त्यानं चिंतामणरावांना सांगितलं. त्यांनीही करून घे म्हटलं.

भिकननं जुना पत्रा काढून फेकला. अॅल्युमिनियमचा नवा कापला, त्यावर काळं रेक्झीन ताणलं, कानशीनं खाचा घासून घासून एकेक बटण असं बसवलं की नख जाणार नाही. लाल हेडलाइटला, हिरवं वायपरला, पिवळं आतल्या दिव्याला. इंजिन बंद करायची घुंडी स्टेअरिंगखाली, सगळ्यांपासून लांब नेली. काम नामी झालं. पण सावळीरामचं समाधान होईना. "आतले दिवे बारीक आहेत रे. मोठे टाक."

भिकननं मान हलवली. "टाकस मी, पन रातले उजेड काचवर पडी, भाऊ. मंग समोरनं काय दिसी?"

"तू टाक," सावळीराम म्हणाला.

जीपचं काय कौतुक झालं म्हणता! वसाहतीतली पोरं खिडकीला लटकायची. चांगुणानं लाल बटण दाबून पाहिलं आणि म्हणाली, "गाडीला दिवाळी आली जणू." निवृत्तीनं तर जाहीरच केलं, "दादा, विमान केलंत की हो जीपचं!" सावळीराम खुशीत होता. अंधार पडेपर्यंत.

भिकन बोलला तेच झालं. अंधारात ती बटणं एवढी भगभगायची की समोरच्या काचेत त्यांची पिल्लं उठायची. हेडलाइट लावला की काचेत, जरा डावीकडं, एक लाल ठिपका. पहिल्यांदा दिसला तेव्हा पुढं ट्रक उभा आहे असं वाटून त्यानं करकचून ब्रेक मारला. सिस्टरचं डोकं आपटलं. "मांजर आडवं गेलं," तो म्हणाला. खोटं बोलायला आता त्याला विचार करावा लागत नव्हता. भिकनकडं जाऊन दिवे बारीक करून घ्यावेत, तर मग बटणं दिसणार नाहीत. भीतीवर औषध आणलं आणि आता औषधाचंच भय वाटायला लागलं, अशी गत. शेवटी त्यानं मनाला शिकवलं: काचेतला लाल ठिपका आपलाच आहे. त्याच्याकडं बघायचं नाही. आणि मन शिकलं हो! पंधरवड्यात त्याला तो ठिपका दिसेनासाच झाला.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरातला बाजार. डॉक्टर रजेवर होते. रांग आटपून निवृत्ती पेट्या भरत होता, एवढ्यात भागुबाई आली. आसपासच्या पाड्यावरची म्हातारी, औषधाला नेहमी येणारी, सगळ्यांच्या ओळखीची. तिची पहिलटकरीण सून बैलगाडीत घालून आणली होती. सकाळपासून कळा देत होती आणि मूल पुढं सरकत नव्हतं. सिस्टरनं तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "सावळीरामदादा, आत्ताच्या आत्ता सिव्हिल."

सावळीरामनं डोंगराकडं पाहिलं. उन्हं टेकडीवर गेली होती. घाटात पोचेपर्यंत मिट्ट अंधार.

"सकाळी नेलं तर, सिस्टर?"

"सकाळपर्यंत राहायची नाही ती पोर."

शब्द त्याच्या ओठांवर आले होते. अगदी आले होते. पण शेवटची एसटी गेलेली, गावात दुसरा ड्रायव्हर नाही. आता सांगून करायचं काय, असं त्यानं मनाशी म्हटलं. ते खरं होतं की सबब होती, त्याचं तो जाणे. त्यानं किल्ली फिरवली.

आणि घाट सुरू झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आज शेजारी कुणीच नाही. सिस्टर मागं, पोरीच्या पायाशी. निवृत्ती मागं, सलाइनची बाटली वर धरून. भागुबाई मागं, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. खेळ नाही. कुणी ओरडत नाही की कठडा आला, वळण आलं. मागून फक्त त्या पोरीचं कण्हणं, आणि मधूनच "अगं आई गं" अशी किंकाळी. "निवृत्तीभाऊ, पुढं या की जरा," तो म्हणाला. "बाटली कोण धरणार, दादा?" मागून उत्तर आलं. बरोबरच होतं.

तो सरपटत चालला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, नाक काचेला भिडलेलं. प्रत्येक वळणाला त्याला वाटे, इथंच. इथंच आपण दरीत जाणार, पाचही जणं, आणि त्या पोटातला सहावा. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता. सिस्टर ओरडली, "अहो दादा, जरा जोरात घ्या ना, पोर गळाठलीय!" त्यानं तिसरा गिअर टाकला. टाकावाच लागला.

उतार लागला. काचेत लाल ठिपका होता. आपलाच. त्याच्याकडं बघायचं नाही.

मग कसं कोण जाणे, एका हिसक्यासरशी त्याला वाटलं, आज ठिपका जरा मधोमध आहे. त्यानं मान डावीकडं केली, उजवीकडं केली. गाडी हादरत होती, सगळंच हलत होतं. लाल एक आहे की दोन? आपला कुठला? विचारायला कुणी नव्हतं. आणि मग त्यानं ती गोष्ट केली, जी कुठलाही शहाणा ड्रायव्हर घाटात करणार नाही. त्यानं चाचपून लाल बटण दाबलं आणि हेडलाइट बंद केले.

सगळा काळोख. मागं सगळे एकदम किंचाळले. बटण विझलं, काच विझली.

पुढचा लाल ठिपका तसाच होता.

त्यानं ब्रेकवर अक्षरशः उभं राहून जीप थांबवली. खडी उडाली, सलाइनची बाटली फुटली, पोर ओरडली. त्यानं पुन्हा बटण दाबलं, उजेड पडला. बोनेटपुढं हाताच्या अंतरावर बांबूला लाल काचेचा कंदील टांगला होता. त्याच्या पलीकडं रस्ताच नव्हता. सकाळी जाताना शाबूत असलेली मोरी मजुरांनी दिवसभरात उकरून ठेवली होती, आणि खाली ओढ्याचे दगड पांढरे दिसत होते.

बाजूच्या शेकोटीवरून माणसं धावत आली. पुढं वाळू नावाचा गडी होता, रस्त्याच्या कामावरचा पाण्याचा टँकर चालवणारा. "आरं ए, काय मरायचं हाय का? एवढा लाल कंदील टांगलाय, दिसला नाय का?"

दिसला होता. केव्हापासून दिसत होता! सावळीराम खाली उतरला तो खडीवरच बसला. "चक्कर आली," तो म्हणाला. बघा, तेव्हासुद्धा. तोंडातून खरं आलं नाही ते नाहीच.

सिस्टरनं त्याची नाडी पाहिली आणि तोंडानं नुसतं च्यक केलं. "तुम्ही मागं बसा. ए दादा, तुला जीप येते का चालवायला? बाईला सिव्हिलला न्यायचंय."

वाळूनं मागं डोकावून त्या पोरीकडं पाहिलं आणि स्टेअरिंगवर चढला. बसल्या बसल्या म्हणाला, "ह्ये काय लावून ठेवलंय? डोळ्यावर येतंय सगळं." गळ्यातला पंचा काढून त्यानं बटणांवर टाकला आणि मजुरांनी बाजूनं काढलेल्या वळणावरून जीप अलगद पार केली. एवढंच करायचं होतं. एक पंचा टाकायचा होता.

पुढचं सांगतो. सिव्हिलला पोचले, पोट फाडून मुलगी काढली, मायलेकी दोघी वाचल्या. दुसऱ्या दिवशी सावळीरामनं स्वतः जाऊन चिंतामणरावांच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि आयुष्यात परत स्टेअरिंगला हात लावला नाही. चांगुणानं आधी दोन शिव्या घातल्या, मग रडली, मग पुढं जन्मभर संध्याकाळी त्याचा हात धरून त्याला चौकापर्यंत फिरवून आणत राहिली. घरची माणसं चांगली होती, ट्रस्टचीही चांगली होती. त्याला ऑफिसात शिपायाचं काम दिलं, दिवसाचं. पण सावळीरामची ड्रायव्हरकी संपली ती त्या टेबलापाशी नाही. ती संपली आदल्या रात्री, गिरणाऱ्याच्या अलीकडं, मागच्या बाकावर.

बारा वर्षांत तो त्या बाकावर कधी बसला नव्हता. बाहेरचं काही दिसत नव्हतं. वळण कधी येणार कळत नव्हतं, आलं की अंग एका बाजूला कलंडायचं. वाळू गाडी जोरात हाणत होता. सावळीरामनं दोन्ही हातांनी दांडी धरली होती आणि त्याचे दात वाजत होते. इथं बसणारं माणूस पुढच्या पाठीकडं बघून नुसतं बसतं, त्याच्या हातात दुसरं काहीही नसतं, हे त्याला त्या वेळी कळलं.

भागुबाईच्या ते लक्षात आलं. सुनेचं डोकं एका हातानं सावरून तिनं दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला. खरखरीत, गरम हात.

"भिऊ नको, लेका. नीट नेतोय त्यो." मग म्हणाली, "तुला आज कळलं व्हय भ्या कसं असतंय? आम्हाला तुझ्या गाडीत कवा भ्या वाटलं नाय बघ. येवढी वर्सं झाली. सावळीराम डायवर हाय म्हटलं की आमी निवांत."

सिस्टर ऐकत होती, निवृत्ती ऐकत होता. सावळीरामला आता त्यांचीही पर्वा राहिली नाही.

"मावशी, मला चक्कर नाही आली. मला अंधारात दिसत नाही."

"आज?"

"आज नाही. दोन पावसाळे झाले."

सिस्टरनं मान वर केली. गाडी खड्ड्यातून गेली, पोर कण्हली. भागुबाईनं सुनेचं डोकं मांडीवर नीट घेतलं. मग अगदी हळू, जणू स्वतःशीच, म्हणाली, "मागल्या दिवाळीत माझा नातू व्हता तुझ्या गाडीत. ताप व्हता त्याला. मीच त्याला पुढं तुझ्याजवळ बसवला."

आणि तिनं त्याच्या हातावरचा आपला हात काढून घेतला. तो हात तिनं सुनेच्या पोटावर ठेवला, दुसराही तिथंच ठेवला, आणि त्याच्याकडं पाठ करून बसली. गिरणाऱ्याचे दिवे आले, गेले, नाशिक आलं, तरी ती वळली नाही.